खुली कार्यप्रणाली आणि शाळेचा संगणक : एक परीक्षण

गेल्या दिवाळीच्या सुटीत, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, मी पांढरकवड्याला घरी गेलो होतो. ओळखीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक भेटायला आले. त्यांच्या संगणक कक्षात बारा संगणक आहेत. सगळे सुरू होतात, सगळ्यांचे पडदे शाबूत आहेत. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार कंपनीने थांबवला आणि पुढची 'विंडोज ११' या यंत्रांवर बसत नाही, असे संगणक दुरुस्त करणाऱ्याने त्यांना सांगितले होते. "सर, आता हे भंगारात काढायचे का?" असा त्यांचा प्रश्न होता. मग थोडे थांबून ते म्हणाले, "की तुमचे ते लिनक्स पुन्हा एकदा घालून पाहायचे?"

त्या 'पुन्हा एकदा'मागे एक हकिगत आहे. सुमारे नऊ वर्षांपूर्वी याच भागातील एका शाळेत मी मोठ्या उत्साहाने दहा संगणकांवर लिनक्स बसवून दिले होते. उन्हाळ्यात परत आलो तेव्हा दहाही संगणकांवर पुन्हा विंडोज होते, आणि तेही विकत घेतलेले नव्हे, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेले. मला तेव्हा राग आला होता. आज वाटते की चूक माझी जास्त होती. प्रयोगशाळेत माझे रोजचे काम लिनक्सवरच चालते. त्यामुळे जे मला सोपे ते सर्वांना सोपे, असे मी धरून चाललो होतो. निष्कर्ष आधी आणि निरीक्षण नंतर, असा तो उलटा प्रकार होता.

म्हणून या लेखात खुल्या कार्यप्रणालीचा प्रचार करायचा नाही, तिचे परीक्षण करायचे आहे. तिच्या बाजूने जे दावे केले जातात, ते शाळेच्या संगणक कक्षात कितपत टिकतात, हे आपण एकेक करून पाहू.

एका प्रिंटरची गोष्ट

आधी थोडी पूर्वपीठिका. कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, ती संगणकाची व्यवस्थापक असते. कळफलकावरची कळ दाबली गेली हे ओळखणे, स्मृतीतील जागा वाटून देणे, फाइल डिस्कवर नेऊन ठेवणे, एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमना आळीपाळीने प्रक्रियकाचा वेळ देणे, ही सगळी कामे तिची. आपण ज्यात लिहितो किंवा चित्र काढतो ते प्रोग्रॅम तिच्या आधारावर चालतात.

प्रोग्रॅम माणूस लिहितो तेव्हा तो वाचता येण्याजोग्या भाषेत असतो. त्याला मूळ संहिता म्हणू. यंत्राला समजावे म्हणून तिचे अंकांच्या लांबलचक मालिकेत रूपांतर करतात. दुकानात मिळते ती बहुधा ही मालिकाच. ती चालवता येते, पण वाचता येत नाही. गृहिणीला लाडू मिळावेत, पण कृती मिळू नये, तसा हा व्यवहार आहे.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रॅमर काम करीत. त्यांच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकत असे. कागद अडकला की सगळ्यांच्या संगणकावर सूचना जावी, अशी सोय त्यांनी आधीच्या प्रिंटरसाठी स्वतः केलेली होती. नव्या प्रिंटरसाठी ती करता येईना, कारण त्याची मूळ संहिता कंपनीने दिली नव्हती. या आणि अशा अनुभवांतून त्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम कुणीही कशासाठीही वापरावा, तो कसा चालतो ते अभ्यासावे, त्याच्या प्रती वाटाव्यात आणि त्यात सुधारणा करून त्याही वाटाव्यात, असे चार अधिकार त्यांनी मांडले. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी स्वतःच्या संगणकासाठी कार्यप्रणालीचा गाभा लिहीत होता. तोच 'लिनक्स'. १९९२ मध्ये त्याने तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. हा गाभा आणि ग्नूची साधने एकत्र आली आणि पूर्ण कार्यप्रणाली तयार झाली. डेबियन, उबुंटू, मिंट ही तिची निरनिराळी वितरणे. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये आणलेले 'बॉस' हेही डेबियनवर आधारलेले वितरण आहे.

जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. म्हणजे सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान यंत्रावर जी कार्यप्रणाली सहज चालते, ती मधल्या यंत्रावर, म्हणजे टेबलावरच्या साध्या संगणकावर, एवढी मागे का राहिली? विज्ञानाच्या शिक्षकाला हा प्रश्न पडायला हवा.

दावा पहिला : फुकट आहे

ही कार्यप्रणाली उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत हे खरे. पण शाळेच्या खर्चात कार्यप्रणालीची किंमत हा एक भाग आहे. ती बसवण्याचा वेळ, शिक्षकांचे शिकणे आणि अडले की सांगणारा माणूस, याही गोष्टींना किंमत आहे. पांढरकवड्यात विंडोज बिघडले तर ते नव्याने टाकून देणारा तासाभरात मिळतो. लिनक्स बिघडले तर त्याचा जाणकार नागपूरहून किंवा यवतमाळहून फोनवर शोधावा लागतो. माझ्या पहिल्या प्रयोगात तो जाणकार मीच होतो आणि मी शेकडो किलोमीटर दूर होतो.

दुसरी गोष्ट जरा अप्रिय आहे. नकली प्रत जिथे सर्रास चालते तिथे 'फुकट' या शब्दाला वजनच राहत नाही. मुख्याध्यापकांना दोन्ही फुकटच वाटतात. मग ओळखीचे का सोडायचे? तेव्हा खरा मुद्दा पैशाचा नाही, अधिकाराचा आहे. लिनक्सची प्रत विद्यार्थ्याला घरी देताना शिक्षकाला नजर चोरावी लागत नाही. आपण मुलांना परीक्षेत नक्कल करू नका म्हणतो आणि नकली कार्यप्रणालीवर त्यांना संगणक शिकवतो, यातली विसंगती मुलांच्या लक्षात येत नाही असे समजू नये.

दावा दुसरा : जुन्या संगणकावर चालते

हा दावा बऱ्याच अंशी खरा आहे आणि सध्याच्या घडीला महत्त्वाचाही. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रक्रियक असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वीची चांगली चालती यंत्रे बाद ठरतात. वैयक्तिक वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास सुरक्षा दुरुस्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली, पण ती तात्पुरती मलमपट्टी. अशा यंत्रावर चार गीगाबाइट स्मृती असेल तर लिनक्सचे हलके वितरण व्यवस्थित चालते. जुनी फिरती डिस्क काढून साधी एसएसडी बसवली तर फरक मुलांनाही जाणवतो. यंत्र भंगारात न जाणे हा पैशाचा जसा प्रश्न आहे तसा पर्यावरणाचाही आहे. शिसे, तांबे, प्लास्टिक यांचे ते ओझे शेवटी कुणाच्या तरी गावाबाहेर जाऊन पडते.

पण 'कितीही जुना संगणक चालतो' असे जे सांगितले जाते, ते खरे नाही. ३२ बिटांच्या प्रक्रियकांना उबुंटूने काही वर्षांपूर्वीच निरोप दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीतही त्यांच्यासाठी नेहमीची स्थापना-प्रत नाही. शिवाय कार्यप्रणाली हलकी असली तरी आजची संकेतस्थळे जड आहेत. दोन गीगाबाइट स्मृतीच्या संगणकावर लिनक्स सुरू होते, पण ब्राउझरमध्ये तीन पाने उघडली की ते रांगू लागते. दोष कार्यप्रणालीचा नसतो, पण वापरणारा तिलाच नावे ठेवतो.

दावा तिसरा : विषाणू नाहीत, कारण हजारो डोळे पाहतात

शाळेचे पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानापासून सायबर कॅफेपर्यंत सगळीकडे फिरून येतात आणि विषाणू घेऊन येतात. ते बहुतेक विंडोजसाठी लिहिलेले असल्याने लिनक्सवर निष्प्रभ ठरतात. रोजच्या वापरात हा फायदा खरा आहे. पण त्यावरून लिनक्स अभेद्य आहे असा निष्कर्ष काढणे चूक.

मार्च २०२४ मधली घटना या दृष्टीने फार बोधप्रद आहे. फाइली आकुंचित करणारे 'एक्सझेड' नावाचे एक छोटे खुले साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते सांभाळण्याचा भार मुख्यतः एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. मदतीच्या मिषाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्या साधनात एक चोरवाट घुसवली. ती सर्वत्र पसरली असती तर जगातील असंख्य संगणकांची किल्ली परक्या हाती गेली असती. ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी ते सोडून दिले असते. त्याने कारण शोधले, मूळ संहितेपर्यंत मागोवा घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. गंमत म्हणजे तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होता.

या घटनेतून दोन धडे मिळतात आणि दोन्ही सांगितले पाहिजेत. संहिता खुली होती म्हणूनच त्याला शोध घेता आला. मात्र संहिता खुली आहे एवढ्यावर कुणी ती वाचतेच असे नाही. खुलेपणा ही पाहण्याची संधी आहे, पाहण्याची हमी नाही. वाचनालयाचे दार उघडे असले म्हणजे गाव वाचू लागते असे थोडेच आहे?

दावा चौथा : आपल्या भाषेत वापरता येते

माझ्या मते मराठी शाळेसाठी हाच दावा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत कच्चाही.

माझा पहिला प्रयोग फसण्याचे तात्कालिक कारण होते सहामाहीची प्रश्नपत्रिका. शाळेच्या बाबूंनी जुनी फाइल उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसू लागला. 'लिनक्सने प्रश्नपत्रिका खाल्ली' असे शाळेत पसरले. खरे कारण वेगळे होते. पूर्वी मराठी टंकांमध्ये देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने फाइलमध्ये इंग्रजी अक्षरेच साठवलेली असत, त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा चढवलेला असे. शिवाय कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर बसवायचा ते प्रत्येक उत्पादक आपापले ठरवी. तो विशिष्ट टंक यंत्रावर नसला की अंगरखा गळून पडतो आणि आतले इंग्रजी उघडे पडते. याउलट युनिकोड या जागतिक प्रमाणात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक षोडशमान पद्धतीत ०९१५, मग कार्यप्रणाली कोणतीही असो आणि टंक कोणताही असो. युनिकोडमध्ये लिहिलेली प्रश्नपत्रिका बारा वर्षांनीही वाचता येईल.

म्हणजे अडचण कार्यप्रणालीत नव्हती, आपण साठवलेल्या मजकुरात होती. कुलूप घराला नव्हते, सामानाच्या पेटीला होते. यातून माझा एक ठाम निष्कर्ष झाला आहे : शाळेने कार्यप्रणाली बदलण्याच्या आधी मजकूर खुला करावा. जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, त्या मात्र डोळ्यांनीच तपासाव्या लागतात. हे काम विंडोजवरही करता येते आणि पुढे लिनक्स घेतले नाही तरी ते वाया जात नाही.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळू. लिनक्सवर मराठी उमटते ती आज चांगली उमटते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र नीट दिसतो. इन्स्क्रिप्ट कळफलकात र हा जे या कळीवर आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो, हे एकदा कळले की झाले. 'मुक्त'सारखे सुंदर खुले टंकही उपलब्ध आहेत. पण कळफलक निवडण्याची जागा सामान्य माणसाला सापडत नाही. टंकलेखन परीक्षा दिलेल्या लिपिकांच्या बोटांत रेमिंग्टनची मांडणी बसलेली असते. तीच मांडणी त्यांना जशीच्या तशी मिळेलच असे नाही. बोटांना पडलेले वळण बदलायला महिने लागतात, आणि तितके दिवस शाळेचे काम थांबत नाही.

पडद्यावरच्या आज्ञांचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केले आहे. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी त्यासाठी घेतलेले कष्ट मला ठाऊक आहेत आणि त्यांच्याविषयी आदर आहे. तरी परीक्षकाने सांगायलाच हवे की हे काम अर्धवट आहे. एकाच पडद्यावर काही आज्ञा मराठीत, काही इंग्रजीत दिसतात. एकाच गोष्टीला निरनिराळ्या प्रोग्रॅममध्ये निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांतले काही असे की ते समजण्यासाठी मूळ इंग्रजी शब्द आठवावा लागतो. मुलगा 'फाइल' म्हणतो, शिक्षक 'फाइल' म्हणतात, मग पडद्यावर अवघड शब्द कशासाठी? भाषांतरकारांनी एकदा सातवीच्या वर्गात जाऊन बसावे, अशी नम्र सूचना आहे.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस आणि इतर खुल्या साधनांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ आहेत आणि त्यांचे निवेदन मराठीतही मिळते. एकट्याने शिकणाऱ्या शिक्षकाला यासारखा आधार नाही. मात्र त्यांतही निवेदन मराठी आणि पडदा इंग्रजी असा प्रकार आहे, आणि साधनाची आवृत्ती बदलली की पाठातला पडदा आणि समोरचा पडदा जुळत नाही.

कोलामी, गोंडी आणि रिकामी जागा

केळापूर तालुक्यातल्या शाळांत कोलाम आणि गोंड मुले आहेत. घरी ती कोलामी किंवा गोंडी बोलतात, काही घरांत तेलुगू आणि बंजारा बोलीही आहे. या मुलांच्या भाषेत संगणकाचा पडदा कोणती कंपनी करून देणार? त्यात नफा नाही. खुल्या प्रोग्रॅममध्ये मात्र भाषांतर ही साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत इंग्रजी वाक्य आणि खालच्या ओळीत आपले वाक्य. एखादा शिक्षक आणि चार पालक मिळून लहान मुलांसाठीच्या एखाद्या खेळाचा पडदा आपल्या भाषेत करू शकतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

लिपीचीही सोय झाली आहे. गोंडीच्या दोन लिपी युनिकोडमध्ये आल्या : मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. यातले गुंजाळा हे गाव पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आमचे शेजारीच. दोन्ही लिपींचे खुले टंकही आहेत. पण जागा रिकामी आहे म्हणून ती आपोआप भरत नाही. मी पाहिलेल्या एकाही शाळेत गोंडी किंवा कोलामी पडदा नव्हता. खुल्या कार्यप्रणालीचे सर्वांत मोठे बळ हेच, आणि आपण ते सर्वांत कमी वापरलेले, हे खेदाने नोंदवतो.

विरुद्ध बाजूचा आक्षेप

"बाहेर सगळीकडे विंडोज आहे, मुलांना नोकरी तिथेच मिळणार," हा आक्षेप पालक नेहमी घेतात. तो हसण्यावारी नेऊ नये. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांत लाखो लोकांना संगणकाला हात लावायला शिकवले. हे मोठे काम आहे. पण त्यातला भर मुख्यतः विंडोज आणि त्यावरच्या ऑफिस प्रोग्रॅमवर राहिला. माझ्या ओळखीचे एक शिक्षक बरीच वर्षे त्यातल्या 'एमएस'चा अर्थ 'महाराष्ट्र स्टेट' नसून 'मायक्रोसॉफ्ट' असाच समजत होते. चूक त्यांची असली तरी ती सहज होण्याजोगी होती.

आपण प्रयोगशाळेत व्हर्नियर शिकवतो तेव्हा अमुक कंपनीचा व्हर्नियर शिकवत नाही, लघुतम माप कसे काढावे ते शिकवतो. मग कोणताही व्हर्नियर हाती आला तरी मुलाला वाचता येतो. संगणकाच्या बाबतीत आपण बटणांच्या जागा पाठ करून घेतो. नवी आवृत्ती आली, बटण हलले, की शिकलेले वाया. फाइल म्हणजे काय, ती कुठे राहते, तिचा प्रकार कशावरून ओळखायचा, हे ज्याला कळले त्याला दोन्ही कार्यप्रणाली आठवड्याभरात जमतात. शिवाय शाळेची बरीचशी कामे, मग ती यू-डायस प्लसची माहिती असो वा शालार्थचे वेतन, आता ब्राउझरमधूनच होतात. तिथे खालची कार्यप्रणाली कोणती याने पूर्वीइतका फरक पडत नाही.

दोन उदाहरणे

केरळने २००१ मध्ये 'आयटी@स्कूल' प्रकल्प सुरू केला आणि पुढे शाळांतले संगणक खुल्या कार्यप्रणालीवर नेले. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी त्यांनी उबुंटूवर आधारित स्वतःची नवी आवृत्ती दिली. त्यांचे यश तबकडी वाटण्यात नव्हते. पाठ्यपुस्तक त्याच प्रणालीवर लिहिले, शिक्षकांना तिचेच प्रशिक्षण दिले आणि दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्यावरच घेतली. चारही चाके एका दिशेने फिरली.

जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये असाच निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले. पण २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण जुळेना, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, राजकीय पाठिंबाही बदलला. २०२० मध्ये तिथल्या नव्या आघाडीने पुन्हा खुल्या प्रोग्रॅमकडे तोंड वळवले. म्हणजे तंत्र तेच असताना एका ठिकाणी टिकते आणि दुसऱ्या ठिकाणी डळमळते. फरक माणसांच्या तयारीत असतो.

आपल्या केंद्र सरकारनेही २०१० मध्ये खुल्या प्रमाणांचे आणि २०१५ मध्ये खुल्या प्रोग्रॅमचे धोरण जाहीर केले. धोरण चांगले आहे. पण पांढरकवड्याच्या शाळेत ते येऊन पोचायला वाटेत पाठ्यपुस्तक, प्रशिक्षण आणि परीक्षा ही तीन स्थानके लागतात.

मग त्या बारा संगणकांचे काय?

या वेळी मी घाई केली नाही. आधी बाबूंच्या जवळ बसून शाळेत नेमकी कोणती कामे होतात त्यांची यादी केली. कार्यालयातला एक संगणक जसा आहे तसा ठेवला, कारण त्याला जोडलेला स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सवर चालेना. असे प्रिंटर पानाची जुळणी स्वतः करीत नाहीत. ते काम संगणकावर टाकतात आणि त्यासाठी उत्पादकाची स्वतःची गुप्त भाषा वापरतात. उत्पादकाने त्या भाषेचा चालक नीट दिला नाही, तर कार्यप्रणाली कितीही चांगली असो, कागद कोराच राहतो. ज्या चळवळीचा उगम एका प्रिंटरपाशी झाला ती चाळीस वर्षांनी पांढरकवड्यात पुन्हा प्रिंटरपाशीच अडली, याचे मला हसूही आले. पण आधार संपलेल्या संगणकावर इंटरनेट नको, म्हणून त्याची जोडणी तेवढी काढून टाकली.

उरलेल्या अकरांपैकी तीनच संगणकांवर लिनक्स बसवले. विज्ञानाच्या बाईंनी त्यांवर स्टेलॅरियम लावून दुपारी वर्गातच रात्रीचे आकाश दाखवले. कॅल्झियममधली आवर्तसारणी आणि लहान मुलांसाठीचे जीकॉम्प्रिस हेही मुलांना आवडले. हे प्रोग्रॅम विंडोजवरही मिळतात, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, यातलं लिहिलेलं उघडून बघता येतं का?" तिला एका छोट्या खेळाची मूळ संहिता उघडून दाखवली. तिने एक आकडा बदलला, चेंडूचा वेग वाढला आणि वर्गात एकच गलका झाला. घड्याळ उघडून पाहणाऱ्या मुलाला आपण आजवर रागावत आलो. इथे उघडून पाहण्याची मुभा परवान्यातच लिहिलेली आहे.

हा प्रयोग यशस्वी झाला असे मी आज म्हणणार नाही. तीन संगणक आणि काही महिने एवढ्या आधारावर कोणताही शास्त्रज्ञ निष्कर्ष काढत नाही. उन्हाळ्याच्या सुटीनंतर ते तीन तसेच राहिले आणि चौथा शिक्षकांनी माझ्याविना बसवला, तर ते यश मानीन.

आपल्या शाळेतही असे करून पाहायचे असेल, तर आठ गीगाबाइटचा एक पेन ड्राइव्ह पुरे. बहुतेक वितरणे संगणकाच्या डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. तशी ती चालवावी आणि पाच गोष्टींची नोंद करावी : इंटरनेट लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, मराठी लिहिता येते का, आणि शाळेची एक जुनी प्रश्नपत्रिका उघडते का. विद्यार्थ्यांनाच हा तक्ता भरायला सांगावा. पाचांपैकी जिथे 'नाही' येईल तिथे कारण शोधावे. पाचव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर लिनक्स बाजूला ठेवून आधी त्या प्रश्नपत्रिकांचे युनिकोड करायला घ्यावे. ते काम उद्याच सुरू करता येईल, आणि तेवढे झाले तरी शाळेचा मजकूर शाळेच्या हाती राहील.